तुमची तारीख कधी, काका?

तुरुंगाचं मोठं दार रोजच्या येण्याजाण्याला उघडत नाही. त्याच्या अंगातच एक छोटं दार असतं, दिंडी म्हणतात ती. तिच्यातून वाकून जायचं. पहिल्या दिवशी मी पुरता वाकलो नाही आणि कपाळ चौकटीला आपटलं. आतला शिपाई वर न बघता म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांचं आपटतं."

दिंडी ओलांडली की आत आलो असं वाटतं. पण पुढे आणखी एक दार असतं आणि मागचं लागल्याशिवाय ते उघडत नाही. मधल्या अंधाऱ्या बोळात उभं राहून वहीत नाव, गाव, वेळ लिहायची, मोबाइल-पाकीट-पट्टा काढून द्यायचा, हात वर करून अंगझडती द्यायची. एस.टी.त 31 वर्षं काढली मी, त्यातली शेवटची 9 वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. आपली वेळ कुणीतरी लिहून घेतंय, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

कारागृहाचं नाव सांगत नाही. कोकणात तुरुंग मोजकेच, आतल्या माणसांची ओळख पटायला वेळ लागायचा नाही. जुनी चिऱ्याची इमारत आहे. पावसात भिंतींना शेवाळ धरतं आणि वारा फिरला की दर्याची गाज आत ऐकू येते. आपल्याकडचे काही तुरुंग मुळात तुरुंग म्हणून बांधलेलेच नाहीत. अलिबागचं कारागृह कान्होजी आंग्र्यांच्या हिराकोटात, ठाण्याचं तिथल्या किल्ल्यात. शत्रू आत येऊ नये म्हणून उभारलेल्या भिंती आता माणूस बाहेर जाऊ नये म्हणून राखतात.

मला काही देवाची हाक वगैरे आली नव्हती. निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या पायात पायात यायला लागलो, एवढंच. आमचं गाव वेंगुर्ल्याकडचं, आम्ही कॅथलिक. चर्चमध्ये ऑगस्टचा दुसरा रविवार कारागृह सेवेसाठी पाळतात. 1981 साली केरळात सुरू झालेलं हे काम आता देशभर चालतं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर फादरांनी विचारलं, महिन्यातून एकदा सिस्टरांबरोबर तुरुंगात जायला कोण तयार आहे? कुणी हात वर करेना. बायकोने कोपराने ढोसलं.

मग कागद सुरू झाले. धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, पत्र, अधीक्षकांच्या नावाने अर्ज, फोटो, आधार, पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणी. तिथे हवालदाराने विचारलं, "तुमच्यावर काही केस?" मी जरा चाचरलो. म्हटलं, "फौजदारी नाही. दिवाणी आहे एक. चुलतभावाबरोबर, जमिनीची." तो लिहितालिहिता हसला. "दिवाणी चालतं हो. दिवाणी नसलेला माणूस आणायचा तर कोकणाबाहेरून आणावा लागेल."

हसलो मीही. पण ती केस तेव्हा 14 वर्षांची होती. काजूच्या कलमांचे 11 गुंठे आणि त्यातून जाणारी एक पायवाट. आजोबांचं सामाईक खातं, चुकलेला फेरफार, मग वाटपाचा दावा. तपशील सांगत बसत नाही, कारण ते तोंडपाठ आहेत आणि तोच माझा आजार होता. रात्री 2 वाजता उठवून विचारलं असतं तरी मी गट नंबरासकट सगळं सांगितलं असतं. मे महिन्यात वाडीतल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादीन असते, सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. तिथे तो पूर्वेला उभा राहायचा, मी पश्चिमेला. मधे सगळी वाडी गात असायची.

परवानगी यायला 4 महिने गेले. दरम्यान सिस्टरांनी नियम शिकवले. गुन्हा काय, हे विचारायचं नाही. चिठ्ठी आत न्यायची नाही, बाहेर आणायची नाही. फोन नंबर द्यायचा नाही. जामिनाचं आश्वासन द्यायचं नाही. धर्म बदलण्याचा शब्द काढायचा नाही, आणि बंद्याने काढला तर विषय बदलायचा. शेवटचा नियम मला आवडला होता: रडू आलं तर येऊ द्यावं, पण आपलं रडं त्यांना सांभाळायला लावू नये.

आत पहिल्या दिवशी साठेक माणसं बसली होती. त्यांत ख्रिस्ती 5. बाकीचे हिंदू, मुसलमान, आणि बराकीबाहेर तासभर बसायला मिळतं म्हणून आलेले. मला त्यात काही गैर वाटलं नाही, मीही साधारण त्याच कारणाने आलो होतो. दारावरच्या शिपायाने मात्र सरळ विचारलं, "धर्मांतर करायला येता काय हो तुम्ही?" प्रश्न योग्य होता. आजच्या दिवसांत तो विचारला जाणारच. म्हटलं, "तुम्ही इथेच थांबा, सगळं ऐका. काही वावगं वाटलं तर थांबवा." तो थांबला, आणि पुढे प्रत्येक वेळी थांबत गेला.

आमच्यातल्या एका गृहस्थांनी पहिल्याच भेटीत चांगलं वीस मिनिटं पापावर भाषण केलं. तुमच्या पापानेच तुम्हाला इथे आणलं, वगैरे. मला घाम फुटला. समोरच्यांतले बहुतेक कच्चे कैदी होते, म्हणजे सरकारी भाषेत न्यायबंदी. खटला चालू, निकाल नाही. देशभरात हेच आहे. 2022च्या सरकारी आकडेवारीत 100 बंद्यांपैकी जवळपास 76 न्यायबंदी होते. ज्याचा गुन्हा कोर्टात सिद्ध झालेला नाही त्याचं पाप आम्ही कोण सिद्ध करणार? सिस्टरांनी त्या गृहस्थांना पुढच्या महिन्यापासून ढोलकी वाजवायला बसवलं. ढोलकी मात्र ते खरंच सुरेख वाजवतात.

मला बोलता येत नाही, म्हणून मी चष्मे न्यायला लागलो. झालं असं की वाचायला शुभवर्तमानाची प्रत दिली तर चाळिशीपुढचे बरेचजण ती हातभर लांब धरायचे. अधीक्षकांची परवानगी काढून बाजारातले साधे वाचायचे चष्मे नेले, दीड नंबर, दोन नंबर, अडीच. त्या दिवशी वाचन कमी आणि एकमेकांचे चष्मे लावून बघणं जास्त झालं. एका म्हाताऱ्याने आपल्या वॉरंटावरची तारीख स्वतः वाचली आणि म्हणाला, "पोरगो सांगी ती चुकीची होती."

तो नेपाळी पोरगा त्याच सुमारास भेटला. आपल्याकडे आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी येतात, तसाच हा बागेतला राखणदार. चोरीच्या आरोपात आत आला होता. जामीन मंजूर होऊन महिना होत आला, पण बाहेर पडेना, कारण जामीनदार नाही. जामीनदाराला सातबारा लागतो नाहीतर ऐपतीचा दाखला, आणि ह्याचा सातबारा हिमालयात. मला राहवेना. सिस्टरांना म्हटलं, नियम बाजूला ठेवा, मी राहतो जामीन. त्या म्हणाल्या, नियम बाजूला ठेवायचा नाही. मग हळूच विचारलं, "आणि तुमचा सातबारा कोरा आहे का?"

नव्हता. इतर हक्कांच्या रकान्यात दाव्याची नोंद होती. म्हणजे ज्या 11 गुंठ्यांसाठी मी 14 वर्षं वकिलाच्या ओटीवर बसत होतो, ते एका पोराला दाराबाहेर काढायच्याही उपयोगाचे नव्हते. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही चुलतभावाचाच. बघा, त्याच्यामुळे!

पोरगा सुटला तो रीतसर मार्गाने. जामीन होऊन 7 दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असं सुप्रीम कोर्टाने 2023च्या जानेवारीत सांगून ठेवलंय. सिस्टरांनी त्याची आठवण करून दिली, प्राधिकरणाच्या वकिलाने अर्ज केला आणि कोर्टाने त्याला जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडलं. आमचं काम एवढंच, की कुठला कागद कुठे अडलाय ते विचारत राहायचं. प्रार्थनेपेक्षा हे काम कमी पवित्र आहे असं मला वाटत नाही, सिस्टरांना तर मुळीच नाही.

मधे एक महिना मी गेलो नाही, कारण त्याच दिवशी माझी तारीख होती. पुढच्या खेपेला एकाने विचारलं, "काका, मागल्या वेळी खंय गेल्लास?" मी खरं ते सांगितलं, कोर्टात होतो. क्षणभर शांतता, आणि मग अख्खी बराक हसायला लागली. शिपाईसुद्धा. "तुमची पण?" "कलम कितवा?" "वकील सरकारी की खाजगी?" त्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो. दर भेटीला पहिला प्रश्न तोच असायचा, तुमची तारीख कधी, काका? मी म्हणायचो, 19 तारखेला. ते म्हणायचे, पुढची पडतली. आणि पुढचीच पडायची. साहेब रजेवर, वकील दुसऱ्या कोर्टात, समन्स बजावलं नाही. कारणं त्यांना माझ्याआधी ठाऊक असत.

त्यांच्यात एक पंचेचाळिशीचा माणूस होता, अडीच नंबरचा चष्मा घेतलेला. बोलायचा कमी. मी काही विचारलं नव्हतं, एकदा त्यानेच विचारलं.

"किती गुंठे, काका?"

"अकरा."

तो बोटांनी जमिनीवर माप घेतल्यासारखं करत म्हणाला, "माझो बांध दीड हाताचो."

पुढचं मला कळायला वेळ लागला नाही. बांधावरून भांडण, हातात कोयता, समोर सख्खा चुलतभाऊ. 2024च्या जुलैपासून नव्या कायद्यात आधी कधी दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनावर सोडायची तरतूद आली, तेव्हा बराकीत तिचीच चर्चा होती. कलमं वकिलापेक्षा त्यांना पाठ. ह्याने त्यात भाग घेतला नाही. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ती सवलत नाही, हे त्याला माहीत होतं.

चवथीच्या महिन्यात आमची गाणी कुणालाच नको होती. कोकणी माणूस गणपतीला घरी नाही म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. मुंबईहून खच्चून भरलेल्या जादा गाड्या मी वर्षानुवर्षं उतरवून घेतल्यात. सिस्टर म्हणाल्या, आज आपण ऐकू. मग ते सांगत बसले. गणपतीवरच्या माटवीला काय काय बांधतात, कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे अकरा. तो शेवटी बोलला. "आमच्या मूळ घरात गणपती एकच. आमचो नि तेंचो. शाळेतसून आम्ही दोघव मिळान हाडू. ह्या वर्सा कोणी हाडलो, माका म्हायत नाय." मला आमचा खुरीस आठवला. पूर्व आणि पश्चिम.

ऑगस्टमध्ये फादर आले होते तेव्हा त्यांनी संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांची गोष्ट सांगितली. नाझींच्या ऑश्विट्झ छावणीतला हा धर्मगुरू, बंदी क्रमांक 16670. उपासमारीने मारायला निवडलेल्या एका बायकापोरं असलेल्या माणसाऐवजी तो स्वतः पुढे झाला आणि 14 ऑगस्ट 1941 रोजी मारला गेला. सगळे गंभीर झाले. एका पोराने विचारलं, "मग त्या माणसाची पोरं भेटली त्याला?" फादर थोडे अडखळले. माणूस वाचला, 1982 साली कोल्बेंना संतपद दिलं तेव्हा रोममध्ये हजर होता, 1995पर्यंत जगला. बायको भेटली. पण दोन्ही मुलगे युद्धात गेले होते. फादरांनी ते तसंच सांगितलं, लपवलं नाही. पोरगा म्हणाला, "म्हणजे पुरती सुटका नाहीच." फादरांनी मान हलवली. मला वाटतं, त्या दिवसानंतर बंदी त्यांचं जास्त ऐकायला लागले.

बायबलमधली पौल आणि सीला यांची गोष्ट मात्र फसली. फिलिप्पै गावचा तुरुंग, मध्यरात्री दोघं गातायत, भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या गळतात, आणि तरी कुणी पळत नाही. "आमी असतांव तर पळालो असतांव," मागून आवाज आला. हशा. शिपायाने गंभीरपणे विचारलं, "आणि तिथला जेलर?" म्हटलं, तो तर जीव द्यायला निघाला होता, कैदी गेले असं समजून. "बरोबर आहे," तो म्हणाला, "आमचंही निलंबन होतं." हसणं ओसरल्यावर चष्मेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "पळान खंय जातलो? गावात बांध थयच आसा."

पुढच्या भेटीत त्यालाच वाचायला दिलं. मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, प्रभूची प्रार्थना. मिस्सेत आम्ही ती म्हणतो तेव्हा अपराध्यांना 'क्षमा करतो' असं म्हणतो. 14 वर्षं मी त्या ओळीला आवाज खाली घ्यायचो. कुणाला कळत नसे, गर्दीत खपून जाई. पण तो वाचत होता ते पवित्र शास्त्राचं भाषांतर, तिथे शब्द वेगळे आहेत. तो बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेला: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे..." आणि थांबला.

"काका, ऋण म्हणजे कर्ज ना?"

"हो."

"हय 'सोडले आहे' असा लिवलाहा. म्हणजे आदी सोडूक व्हया, आणि मगे मागूक व्हया?"

मी इतकी वर्षं चर्चला जातो. लहानपणी धर्मशिक्षणात पहिला नंबर काढलेला. पण त्या क्रियापदाकडे मी कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, तसंच दिसतं खरं. त्याने चष्मा काढला, पुसला. म्हणाला, "माझा सोडूक आता समोर कोण नाय. तुमचो आसा."

मी काही बोललो नाही. घड्याळ बघितलं, तेही जमा केलेलं होतं. मनगटाला नुसता पांढरा पट्टा.

लगेच काही बदललं असं नाही. घरी येऊन मी केसची फाइल काढली, पुन्हा वाचली आणि पुन्हा माझीच बाजू बरोबर वाटली. आजही वाटते. कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, बसलो तेव्हा फादरांनाही आधी गट नंबर सांगायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. "जमीन मला नको सांगूस. तू रात्री किती वाजता उठतोस, ते सांग." म्हटलं, दोन. रोज? रोज. "किती वर्षं?" तिथे माझा आवाज गेला. वहीत वेळ लिहायची सवय असलेल्या माणसाने हा हिशोब कधी मांडला नव्हता. उत्तर आलं तेव्हा वाक्य नव्हतं, नुसतं रडं होतं, आणि ते सांभाळायला फादर होते, नियमाप्रमाणे.

त्या रात्री मी अकराला झोपलो आणि उठलो तेव्हा अंगणात उजाडलं होतं. कोंबडाही ऐकू आला नव्हता. बायको चहा घेऊन आली, कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

चुलतभावाकडे मी त्याच पायवाटेने गेलो, तिच्यावर मनाई मागितली होती त्या. तो ओटीवर जाळं विणत बसला होता. 'दादा' म्हणायला तोंड उघडेना. लहानपणी मला पोहायला त्याने शिकवलेलं. शेवटी म्हटलं, "लोकअदालतीत मिटवूया." तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "वकिलाक विचारून सांगतंय." राग आला. पण गंमत म्हणजे तो घरी पोचेपर्यंतही टिकला नाही.

दोन महिन्यांनी कोर्टात तडजोडीची पुरशीस, म्हणजे लेखी कबुली, दिली. सहा गुंठे त्याला, पाच मला, पायवाट दोघांची. बायकोने विचारलं, मग 14 वर्षं कशाला काढली? मला उत्तर सुचलं नाही. सह्या झाल्या. दादा उठला, दाराशी गेला, परत फिरला. वाटलं आता काहीतरी बोलेल. म्हणाला, "पावती सांभाळून ठेव. लोकअदालतीत मिटला तर कोर्ट फी परत मिळता." आणि गेला. मेमध्ये लादीनीला तो पूर्वेलाच उभा होता. मी मात्र त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्याने सरकून जागा केली, तीही बहुतेक गर्दी म्हणून.

हे सगळं मला आत जाऊन सांगायचं होतं. दिंडीतून वाकून गेलो, बोळात वेळ लिहिली, झडती दिली. मंडळी जमली. तुमची तारीख कधी, काका? म्हटलं, संपली. मिटवलं. टाळ्या पडल्या, कुणी शिट्टीही मारली, शिपायाने डोळे वटारले. मी चष्मेवाल्याला शोधत होतो.

निकाल लागला होता त्याचा. जन्मठेप. जिल्हा कारागृहात अशी शिक्षा भोगायला ठेवत नाहीत, आठ दिवसांपूर्वीच त्याला कोल्हापूरला कळंब्याला हलवलं होतं. चिठ्ठी पाठवता येत नाही, निरोप देता येत नाही. नियम. सिस्टर म्हणाल्या, तिकडेही आपली माणसं जातात, पण नाव विचारून निरोप पोचवत नाहीत.

वाचायला कोण घेतं, असं ढोलकीवाल्यांनी विचारलं. मागून एक नवीन माणूस उठला, दोन-तीन आठवड्यांपूर्वीच आत आलेला. खिशातून चष्मा काढून त्याने नाकावर ठेवला. एका काडीला दोरा गुंडाळलेला होता, अडीच नंबरचा.